‘भगिनी’ आणि ‘साखळी’ : स्त्रियांना उद्देशून रचलेल्या विक्रीयोजनांचा एक परामर्श

‘पिरॅमिड’ हा शब्द व्यापारी योजनेच्या संदर्भात वापरणारा बहुधा त्या योजनेच्या बाहेरचा असतो. न्यायालय, शासन, वृत्तपत्र किंवा हात पोळून बाहेर पडलेला सभासद हा शब्द उच्चारतो. योजना चालविणाऱ्यांच्या तोंडी तो आलाच तर नाकारण्यासाठी येतो. त्यांच्या स्वतःच्या परिभाषेत ‘परिवार’ असतो, ‘सखी’ असते, ‘स्वतःचा व्यवसाय’ असतो आणि ‘स्वप्न’ असते. एकाच व्यवहाराची ही दोन नावे, एक बाहेरून दिलेले व दुसरे आतून घेतलेले, परस्परांस कोठेच भेटत नाहीत. स्त्रियांना अशा योजनांपासून सावध करण्याचे जे प्रयत्न गेल्या शतकभरात झाले, ते पुष्कळदा निष्फळ का ठरले याचे एक कारण या द्वैतात सापडते. इशारा बाहेरच्या भाषेत दिला जातो आणि निमंत्रण मात्र घरच्या भाषेत येते.

प्रस्तुत निबंधात या दोन भाषांचा इतिहास काही निवडक प्रसंगांच्या आधारे तपासावयाचा आहे. बहुस्तरीय विक्री म्हणजे ज्या योजनेत सभासद माल विकतो आणि त्याशिवाय आपण आणलेल्या सभासदांच्या, तसेच त्यांनी आणलेल्या सभासदांच्या, खरेदी-विक्रीवरही हिस्सा मिळवितो अशी योजना. अशी प्रत्येक योजना फसवी असते असे म्हणता येत नाही. कायदाही तसे म्हणत नाही. प्रश्न असा आहे की मालाची विक्री संपून माणसांची भरती कोठे सुरू होते, आणि ती सीमा ओलांडताना शब्द का बदलत नाहीत.

१

या इतिहासाचा आरंभ मालाच्या विक्रीपूर्वीच करावा लागतो. अमेरिकेतील बॉस्टन नगरात १८७९ साली सारा हाउ नामक स्त्रीने ‘लेडीज डिपॉझिट’ ही पेढी चालविण्यास प्रारंभ केला. तेथे केवळ अविवाहित स्त्रियांच्या ठेवी स्वीकारल्या जात. व्याज दरमहा शेकडा ८, आणि त्यातील पहिल्या तीन महिन्यांचे व्याज आगाऊ हातात पडे. पेढीमागे एका धर्मादाय निधीचे पाठबळ असल्याची समजूत करून देण्यात आली होती. असा निधी अस्तित्वातच नव्हता. नव्या ठेवींतून जुन्या ठेवीदारांचे व्याज भागविले जात होते. १८८० च्या शरद ऋतूत स्थानिक वृत्तपत्राने हिशेब उघड्यावर आणताच पेढी कोसळली व हाउला कारावास घडला. शिक्षा भोगून आल्यावर तिने त्याच नगरात स्त्रियांसाठीच तशीच दुसरी पेढी काढली आणि तिलाही ठेवीदार मिळाले.

या प्रकरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की ठेवीदारांत शिक्षिका, शिवणकाम करणाऱ्या, घरकामास असलेल्या अशा कष्टाने मिळविणाऱ्या स्त्रिया होत्या. उतारवयाची तरतूद स्वतःच करावी लागेल हे जाणणाऱ्या या स्त्रियांना आळशी किंवा लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. दुसरी अशी की पेढीची कीर्ती मुख्यतः एका स्त्रीने दुसरीस सांगितल्याने पसरली. ‘केवळ स्त्रियांसाठी’ हे बंधन वस्तुतः निवड करण्याचे साधन होते, परंतु ऐकणारीस ते संरक्षणाचे आश्वासन वाटे. पेढी बुडाल्यावर त्या काळच्या काही लेखनात स्त्रियांच्या अर्थविषयक अज्ञानाची यथेच्छ टवाळी झाली. टवाळीची ही परंपरा पुढेही टिकली, आणि तिचा लाभ नेहमी योजना चालविणाऱ्यांसच झाला. हसे होईल या भीतीने बुडालेली स्त्री गप्प बसते, आणि तिच्या मौनाच्या आडोशाने पुढची स्त्री आत येते.

२

स्त्रियांनी स्त्रियांस माल विकण्याची पद्धत याच सुमारास निराळ्या मार्गाने वाढत होती. १८८६ साली डेव्हिड मॅककॉनेल या फिरत्या पुस्तकविक्रेत्याने सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय काढला. पुढे ‘एव्हॉन’ या नावाने तो जगभर पसरला. त्याची पहिली प्रमुख विक्रेती श्रीमती अल्बी न्यू हॅम्पशायर राज्यात गावोगाव हिंडून माल विकीत असे व इतर विक्रेत्या नेमीत असे. या आरंभकाळी विक्रेतीची प्राप्ती मुख्यतः ग्राहकाने दिलेल्या पैशावर अवलंबून होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास विक्री उंबरठ्यावरून दिवाणखान्यात आली. प्लॅस्टिकची झाकणबंद भांडी करणाऱ्या टपरवेअर कंपनीने १९५१ साली आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि केवळ घरगुती मेळाव्यांतून विकण्याचे ठरविले. या पद्धतीची सूत्रधार ब्राउनी वाइज ही घटस्फोटित, एका मुलाची आई असलेली स्त्री होती. यजमानीण शेजारणींना बोलावी, खाणेपिणे व खेळ होत, आणि त्यातच भांड्यांचे प्रात्यक्षिक घडे. १९५४ साली ‘बिझनेस वीक’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर वाइज झळकली. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. पुढे १९५८ साली कंपनीने तिला दूर केले तेव्हा कंपनीचे भाग तिच्या नावावर नव्हते आणि सुमारे वर्षाच्या वेतनावर तिची बोळवण झाली. जिने हजारो स्त्रियांना ‘स्वतःचा व्यवसाय’ हा शब्द दिला, तिच्या स्वतःच्या मालकीचे त्या व्यवसायात काही नव्हते.

येथे माल खरा होता, उपयुक्त होता आणि तो विकत घेणारी स्त्री बहुधा वापरण्यासाठीच घेत होती. म्हणून या पद्धतीस फसवणूक म्हणता येणार नाही. तथापि एक सूक्ष्म बदल या दिवाणखान्यात घडून गेला. दुकानात गिऱ्हाइकाने ‘नको’ म्हटले तर नकार वस्तूला असतो. शेजारणीच्या घरी, तिचा चहा घेतल्यानंतर, तोच शब्द तिला स्वतःला लागतो. वस्तूच्या किमतीत मैत्रीची किंमत मिसळली. मराठीत हा फरक अधिकच ठळक होतो, कारण येथे संबोधनच नात्याचे असते. ‘ताई, तुम्ही नाही म्हणू नका’ या वाक्यातील ‘ताई’ हे संबोधन विनंतीला हक्काचे रूप देते. नकार देणारीस वस्तू नाकारण्यासाठी आधी नाते नाकारावे लागते, आणि ते तिला अवघड वाटते.

अशा योजनांकडे स्त्रिया का वळल्या याचे उत्तरही याच काळात शोधावे लागते. अमेरिकेत पतपुरवठा करताना लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून भेद करण्यास कायद्याने मनाई झाली ती १९७४ साली. ‘मेरी के’ या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची संस्थापिका मेरी के ॲश हिने आपण शिकविलेल्या पुरुषाला आपल्यावर बढती मिळाल्यामुळे नोकरी सोडल्याचे सांगितले आहे. १९६३ साली डॅलस येथे ५,००० डॉलरच्या भांडवलावर तिने धंदा मांडला. दारे बंद होती हे खरे होते. योजनांच्या भाषेचे सामर्थ्य या सत्यातून आले आहे, आणि ते मान्य केल्यावाचून दिलेला कोणताही इशारा ऐकणारीस उपदेशासारखा वाटतो.

३

निर्णायक वळण १९४५ नंतरचे आहे. पूरक आहाराच्या गोळ्या विकणाऱ्या न्यूट्रिलाइटच्या वितरणव्यवस्थेत विक्रेत्याला आपण आणलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही हिस्सा मिळू लागला. याच व्यवस्थेत शिकून तयार झालेल्या रिच डिव्हॉस व जे व्हॅन अँडेल यांनी १९५९ साली मिशिगन राज्यात ‘ॲमवे’ची स्थापना केली. ‘अपलाइन’ व ‘डाउनलाइन’ हे शब्द या क्षेत्रात रूढ झाले. ज्यांना पूर्वी शेजारीण, जाऊ किंवा मैत्रीण म्हणत, त्यांचे स्थान आता वर किंवा खाली असे ठरू लागले.

या रचनेचे टोक ‘कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी’ या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत दिसले. ग्लेन टर्नर याने १९६७ साली फ्लोरिडात ती काढली. वरच्या पायऱ्यांवर प्रवेश मिळविण्यासाठी २,००० वा ५,००० डॉलर भरावे लागत आणि भरणाऱ्याला नवे सभासद आणून त्यांच्या भरण्यातून वाटा घेण्याचा अधिकार मिळे. प्रसाधने होती, पण पैसा प्रसाधनांतून येत नव्हता. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७५ साली या प्रकरणात जी कसोटी मांडली ती आजही प्रमाण मानली जाते. सभासद पैसे भरतो आणि त्याबदली त्याला दोन अधिकार मिळतात, एक माल विकण्याचा व दुसरा नवे सभासद आणून मोबदला मिळविण्याचा. हा मोबदला प्रत्यक्ष वापरणाऱ्यास झालेल्या विक्रीशी निगडित नसेल तर ती रचना पिरॅमिड होय. १९७९ साली त्याच आयोगाने ॲमवेची योजना पिरॅमिड नसल्याचा निर्णय दिला. विकत घेतलेल्या मालापैकी शेकडा ७० माल विकला गेला पाहिजे, महिन्याला दहा किरकोळ ग्राहक असले पाहिजेत आणि न विकलेला माल परत घेतला पाहिजे, असे कंपनीचे नियम आयोगाने विचारात घेतले. मात्र प्राप्तीविषयी अतिरंजित चित्र रंगविण्यास आयोगाने त्याच निर्णयाने मनाई केली.

या निर्णयानंतर योजनांनी प्रवेशशुल्क कमी केले व मालाचा साठा वाढविला. सभासदाचा तोटा ‘शुल्क’ या सदरातून ‘माल’ या सदरात गेला, आणि म्हणून तो दिसेनासा झाला. वॉशिंग्टन राज्याच्या महान्यायवाद्याने २०१९ साली ‘लुलारो’ या वस्त्रविक्री कंपनीवर दावा लावला, तेव्हा आरोपाचा रोख याच दिशेने होता. घरी बसून अर्धवेळ काम व पूर्णवेळ प्राप्ती या आश्वासनावर, विशेषतः मुलांच्या आयांनी, हजारो डॉलरचे कपडे घरात भरून ठेवले होते. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. २०२१ साली ४७.५ लाख डॉलर देऊन तडजोड झाली. व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी २०२४ साली अशा ७० कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली प्राप्तिपत्रके तपासली. बहुसंख्य सभासदांना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरपेक्षा कमी, मिळाल्याचे त्यांत दिसले. आणि हा आकडाही खर्च वजा करण्यापूर्वीचा होता.

४

मालाचा आडपडदाही गळून पडला म्हणजे काय उरते, हे इंग्लंडातील एका योजनेने दाखविले. २००१ साली ‘विमेन एम्पॉवरिंग विमेन’, म्हणजे स्त्रियांनी स्त्रियांस समर्थ करणे, या नावाची योजना आइल ऑफ वाइट बेटापासून पसरली. प्रत्येक स्त्रीने ३,००० पौंड द्यावयाचे. वरच्या टोकाशी पोहोचल्यावर तिला २४,००० पौंड मिळावयाचे. ही रक्कम ‘भेट’ म्हणून ओळखली जाई. रचना आठ, चार, दोन व एक अशी होती. तळाच्या आठ जणींच्या भेटी टोकाच्या एकीस मिळत, ती बाहेर पडे, आणि मंडळाचे दोन भाग होऊन नव्या आठ-आठ जणींचा शोध सुरू होई.

येथील गणित साधे आहे. एकीला २४,००० पौंड मिळण्यासाठी आठ जणींनी पैसे भरले पाहिजेत. म्हणून १,००० स्त्रियांनी पैसे भरले तर जास्तीत जास्त १२५ जणींना रक्कम मिळेल व ८७५ जणींची बुडेल. त्या १२५ जणींचा निव्वळ लाभ प्रत्येकी २१,००० म्हणजे एकूण २६,२५,००० पौंड. ८७५ जणींचा तोटा प्रत्येकी ३,००० म्हणजे एकूण २६,२५,००० पौंड. दोन्ही बेरजा तंतोतंत जुळतात. योजनेत कोठेही नवा पैसा उत्पन्न झालेला नाही, आणि एक हजाराच्या जागी एक लाख स्त्रिया आल्या तरी बुडणाऱ्यांचे प्रमाण आठांत सात हेच राहील. प्रामाणिकपणा, परिश्रम किंवा परस्परप्रेम यांनी हे प्रमाण बदलत नाही.

माल नसल्यामुळे व्यापारी योजनांचा कायदा येथे अपुरा पडला. २००५ च्या जुगारविषयक कायद्यात ‘साखळी-भेट’ अशी संज्ञा घडवून त्या प्रकारास स्वतंत्रपणे गुन्हा ठरवावे लागले. ‘भेट’ हा शब्द योजनेचा, ‘साखळी’ हा कायद्याचा. त्यांची मोट बांधल्यावरच गुन्हा नेमका सांगता आला. तरीही २००८-०९ मध्ये पश्चिम इंग्लंडात ‘गिव्ह अँड टेक’ या नावाने तशीच योजना स्त्रियांमध्ये पसरली. पुढे चाललेल्या खटल्यांत शिक्षा झालेल्याही स्त्रियाच होत्या. या प्रकारच्या योजनांतील सर्वांत दुःखद भाग हाच आहे. फसलेली स्त्री आपली रक्कम परत मिळविण्यासाठी बहिणीला किंवा मैत्रिणीला आत आणते, आणि त्या क्षणी ती फसवणुकीची बळी व साधन दोन्ही होते.

५

भारतात या विषयावरील मूलभूत कायदा १९७८ चा आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाच्या शिफारशींनंतर बक्षीस चिठ्ठ्या व पैसा फिरविण्याच्या योजना यांवर बंदी घालण्यात आली. ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी योजना’ असा शब्दप्रयोग व्याख्येत आहे. म्हणजे नावे बदलतील याची जाणीव विधिमंडळाला होती. परंतु व्याख्येची वाक्यरचनाच वादाचा विषय झाली. ‘झटपट किंवा विनासायास पैसा मिळविण्याची योजना’ एवढा एक खंड, त्यानंतर पैसे देण्याच्या वचनाचा दुसरा खंड, आणि शेवटी सभासदांच्या भरतीवर अवलंबून असण्याची अट; ही अट दोन्ही खंडांना लागते की केवळ दुसऱ्याला, असा प्रश्न होता. कलकत्त्याच्या संचयिता पेढीच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निर्णय केला. मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी केवळ स्वल्पविरामांवर विसंबून अर्थ लावण्यास नकार दिला, आणि भरतीची अट दोन्ही खंडांस आवश्यक आहे असा अन्वय स्वीकारला. केवळ भरमसाट व्याज देणारी ती पेढी त्यामुळे या व्याख्येबाहेर राहिली. परंतु भरती हेच या गुन्ह्याचे लक्षण आहे, हे सूत्र पक्के झाले.

१९९० नंतरच्या दशकात परदेशी कंपन्या भारतात आल्या. टपरवेअर १९९६ साली व ॲमवे १९९८ साली. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवेची योजना १९७८ च्या व्याख्येत येते असे मत दिले. केंद्र शासनाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२१ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘प्रत्यक्ष विक्री’चे नियम जाहीर केले, पिरॅमिड योजना चालविण्यास त्यांत स्पष्ट मनाई आहे. कायदा अशा रीतीने हळूहळू नेमका होत गेला. पण ज्या स्त्रीला दुपारी तीन वाजता ओळखीच्या घरी ‘छोट्या कार्यक्रमाला’ बोलावणे येते, तिच्यापर्यंत कायद्याची परिभाषा पोहोचत नाही. तिला कोणी ‘पैसा फिरविण्याच्या योजनेत’ बोलावीत नसते.

६

महाराष्ट्रातील स्त्रियांपाशी या विषयाचे एक देशी मोजमाप पूर्वीपासून आहे, ते म्हणजे भिशी. बारा जणींनी दरमहा ५०० रुपये टाकले तर दरमहा ६,००० रुपयांची भिशी एकीला लागते; वर्षाअखेर प्रत्येकीने ६,००० दिलेले असतात व ६,००० घेतलेले असतात. कोणाला आधी मिळते, कोणाला नंतर, एवढाच फरक. भिशीतही एखादी हप्ता चुकविते, क्वचित कोणी बुडविते. विश्वासाचा धोका तेथेही आहे. परंतु वर्तुळ बंद असते. ते चालण्यासाठी तेराव्या स्त्रीची गरज पडत नाही. साखळी-योजना स्वतःची ओळख पुष्कळदा ‘भिशीसारखेच’ अशी करून देते. दोहोंतील भेद या तेराव्या स्त्रीत आहे.

दुसरे मोजमाप ‘भगिनी’ या शब्दाचेच आहे. ज्या १९५९ साली मिशिगनमध्ये ॲमवे स्थापन झाली, त्याच वर्षी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेत सभासद स्त्रीला ‘बहीण’ म्हणतात. तेथे नवी बहीण आली म्हणजे तिला आणणारीची प्राप्ती वाढत नाही. जी जितके पापड लाटते तितकी तिची मजुरी, आणि पैसा शेवटी पापड खाणाऱ्याकडून येतो. दोन्हीकडे संबोधन नात्याचेच आहे. एकीकडे नाते श्रमाला जोडलेले आहे, दुसरीकडे ते भरतीला जोडलेले आहे. तेव्हा गोड संबोधनावरून योजना ओळखता येत नाही, आणि ‘गोड बोलणाऱ्यांपासून सावध राहा’ असा सर्वसाधारण इशारा खऱ्या सहकारासही संशयित ठरवितो.

या योजनांच्या परिभाषेतील एक अंग विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. यश मिळाले तर ते ‘योजनेचे’ असते, अपयश आले तर ते ‘तुमचे’ असते. ‘प्रयत्न कमी पडले’, ‘विश्वास डळमळला’ ही वाक्ये दुसऱ्या पुरुषी सर्वनामाने बोलली जातात. आठांत सात हे प्रमाण मात्र कोणाचेच नाव घेऊन बोलले जात नाही. त्यामुळे जो दोष गणिताचा आहे तो स्त्री स्वतःच्या स्वभावात शोधीत राहते, आणि घरात सांगण्याची तिला लाज वाटते. बॉस्टनच्या ठेवीदार स्त्रियांपासून ही स्थिती फारशी बदललेली नाही.

या इतिहासावरून निष्कर्ष काढावयाचा तर तो असा. फसव्या योजनांच्या नावांची यादी देणारा इशारा अल्पायुषी ठरतो, कारण नाव बदलणे हेच त्या योजनांचे पहिले कौशल्य आहे. स्त्रियांच्या भोळेपणावर बोट ठेवणारा इशारा अपायकारक ठरतो, कारण तो बुडालेल्या स्त्रीचे तोंड बंद करतो. टिकाऊ इशारा तोच, जो स्त्रीला तिच्या परिचयाच्या हिशेबात दोन प्रश्न विचारावयास शिकवितो : मला मिळणारा पैसा वस्तू वापरणाऱ्याकडून येणार आहे, की माझ्यानंतर येणारीकडून? आणि उद्यापासून एकही नवी स्त्री आली नाही, तर आज आत असलेल्या प्रत्येकीचे काय होईल? भिशीची वही सांभाळणाऱ्या कोणत्याही स्त्रीला या प्रश्नांची उत्तरे काढता येतात. हे प्रश्न ज्या बैठकीत विचारता येत नाहीत, किंवा विचारणारीस ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का, ताई?’ असे उत्तर मिळते, तेथे हिशेबाच्या जागी नाते पुढे केलेले आहे असे समजण्यास हरकत नाही.